नऊ विजय आणि एक नकार

खेळाच्या इतिहासात विजयांची नोंद फार काळजीपूर्वक ठेवली जाते. कोणत्या संघाने कोणाला किती गुणांनी हरविले, कोणता खेळाडू किती धावला, चषक कोणी नेला, हे सारे आकडे वर्षानुवर्षे जपले जातात. नकाराची नोंद करावयास मात्र गुणफलकावर रकाना नसतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९५१ सालच्या हंगामात नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. त्या सामन्यांचे निकाल आज तेथील क्रीडापंडितांखेरीज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु हंगाम संपत असता एका मोठ्या सामन्याचे दार त्या संघापुढे किलकिले झाले, आणि आत पाऊल टाकण्यासाठी जी किंमत मागण्यात आली ती देण्याचे त्याने नाकारले. तो न खेळलेला सामनाच पुढे त्या संघाच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

हा नकार कोणत्या परिस्थितीत दिला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम त्या खेळाची व त्यामागील व्यवहाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडे शाळेच्या मैदानावर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू गोल नसून अंडाकृती असतो, आणि पायापेक्षा हाताचेच काम त्यात अधिक असते. मैदान शंभर यार्ड लांबीचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे पोहोचले की टचडाऊन होतो आणि सहा गुण मिळतात. हुतूतूमध्ये जशी पकड करून गड्याला रोखतात, तशी येथे धावणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला जमिनीवर पाडतात. डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड गाद्या बांधूनही हाडे मोडावयाची ती मोडतातच. अशा खेळात शेजारच्या गड्यावर विश्वास नसेल तर एक पाऊलही पुढे टाकता येत नाही; कारण चेंडू घेऊन धावणारा एकच असला तरी त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणारे दहाजण असतात.

हा खेळ वाढला तो महाविद्यालयांच्या मैदानांवर. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो सामना झाला, तेथून त्याच्या आंतरमहाविद्यालयीन इतिहासास प्रारंभ झाला असे मानतात. पुढे व्यावसायिक संघ निघाले. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन जनतेचे खरे प्रेम महाविद्यालयीन सामन्यांवरच होते. दर शनिवारी हजारो प्रेक्षक पैसे देऊन हे सामने पाहावयास येत. त्या उत्पन्नावर प्रशिक्षकांचे पगार, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या आणि दूरच्या प्रवासाचा खर्च चाले. अर्थात प्रेक्षक आले नाहीत तर हाच खेळ संस्थेला डोईजड होई. मोठ्या सरकारी विद्यापीठांना हा भार सोसत असे; लहान संस्थांची मात्र दर वर्षी ओढाताण होई.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे अशा लहान संस्थांपैकीच एक होते. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधासाठी लोकांचे लोंढे लोटले होते, त्या काळात म्हणजे १८५५ साली जेझुइट पाद्रींनी ते स्थापन केले. शहरातील एका टेकडीवर त्याच्या इमारती उभ्या होत्या. फुटबॉल संघाचे सामने जवळच्या केझर स्टेडियममध्ये होत. पण १९४६ साली याच शहरात ‘फोर्टीनाइनर्स’ हा व्यावसायिक संघ निघाला, तोही त्याच मैदानावर खेळू लागला, आणि शहरातील प्रेक्षक वाटला गेला. त्यातच दूरचित्रवाणी घरोघर पोहोचू लागली. घरबसल्या सामना पाहावयास मिळत असेल तर तिकीट काढून कोण जाणार, ही चिंता त्या वेळी साऱ्या देशातील महाविद्यालयांना पडली होती. जवळच्याच सेंट मेरीज महाविद्यालयाने १९५० च्या हंगामानंतर आपला संघ बंद केला होता. १९५१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघावरही तीच टांगती तलवार होती.

संघाचे प्रशिक्षक होते जो कुहारिच. नॉटर डेम या प्रख्यात विद्यापीठाकडून आणि नंतर व्यावसायिक संघाकडून ते स्वतः खेळले होते. शिस्तीच्या बाबतीत ते अत्यंत कठोर. १९४८ साली त्यांनी सूत्रे हाती घेतली, त्या पहिल्या वर्षी संघाने दोन सामने जिंकले आणि सात गमावले. पुढच्या वर्षी सात विजय व तीन पराभव, त्यानंतर सात विजय व चार पराभव. खेळाडूंची पारख करून त्यांना घडविण्याचे काम चार वर्षे चालले होते. त्याचे फळ चौथ्या वर्षी पदरात पडले.

संघातील तरुण निरनिराळ्या घरांतून आले होते. जिनो मार्चेटी हा इटलीहून आलेल्या स्थलांतरिताचा मुलगा. शाळा सोडून तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात दाखल झाला होता आणि युरोपच्या आघाडीवर लढून परतला होता. बॉब सेंट क्लेअर हा सॅन फ्रान्सिस्कोचाच रहिवासी, पावणेसात फुटांची उंची लाभलेला. एड ब्राऊन चेंडूफेकीत निष्णात. आणि यांच्याच बरोबरीने दोन कृष्णवर्णीय तरुण होते, ऑली मॅटसन व बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्सासमधला, टोलर टेनेसी राज्यातील मेंफिसचा. दोन्ही राज्ये दक्षिणेकडील. तेथे काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीतील बसण्याच्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळदेखील वेगळे. कॅलिफोर्नियात आल्यावर हे दोघे प्रथम सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले आणि तेथून विद्यापीठाच्या संघात आले. मॅटसन चढाईचा मुख्य आधार होता, तर टोलर बचावाचा खांब.

संघाच्या प्रसिद्धीचे काम पीट रोझेल नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण पाही. एका लहान महाविद्यालयातील खेळाडूचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकावे म्हणून तो अखंड खटपट करी. या तरुणाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

हंगामाची सुरुवातच दणक्यात झाली. सॅन होजे स्टेट महाविद्यालयाचा ३९ विरुद्ध २ असा धुव्वा उडाला. त्यानंतर आयडाहो विद्यापीठ, मरीन दलाच्या कँप पेंडलटनचा संघ, सान दिएगोच्या नाविक तळाचा संघ, सांता क्लारा असे एकामागून एक प्रतिस्पर्धी पराभूत झाले. सैनिकी संघ या यादीत दिसतात याचे नवल वाटावयास नको. कोरियातील युद्ध तेव्हा चालू होते आणि सैन्यात भरती झालेले अनेक कसलेले खेळाडू तळांवरील संघांतून खेळत असत.

खरी कसोटी न्यूयॉर्कमध्ये होती. देशातील बडी वृत्तपत्रे पूर्वेकडची. पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान कॅथलिक संस्थेच्या विजयांकडे ती सहसा ढुंकूनही पाहत नसत. तेथे फोर्डहॅम विद्यापीठाशी गाठ पडली. सामना अटीतटीचा झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोने तो ३२ विरुद्ध २६ असा जिंकला. त्या दिवशी मॅटसनने दोन वेळा प्रतिपक्षाने टोलविलेला चेंडू झेलून, समोरून येणाऱ्या अकरा गड्यांना चुकवीत, जवळजवळ संपूर्ण मैदान पार केले आणि टचडाऊन केला. एका सामन्यात असा पराक्रम एकदा घडला तरी प्रेक्षक वर्षभर त्याची आठवण काढतात. येथे तो दोनदा घडला.

नोव्हेंबरात स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी सामना झाला. हा प्रतिस्पर्धी तगडा समजला जात होता, आणि या सामन्यातील विजेत्याला नववर्षाच्या मोठ्या सामन्याचे आमंत्रण येईल अशी अपेक्षा होती. सॅन फ्रान्सिस्कोने तो ४७ विरुद्ध १४ असा जिंकला. शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाशी. तोही २० विरुद्ध २ असा खिशात घातला. नऊपैकी नऊ. हंगाम संपला तेव्हा मॅटसनने चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड, म्हणजे सुमारे १,४३० मीटर भूमी जिंकली होती, आणि २१ टचडाऊन केले होते. या दोन्ही बाबतींत देशातील सर्व महाविद्यालयीन खेळाडूंत तो पहिला होता.

आता प्रश्न होता आमंत्रणाचा. अमेरिकेत महाविद्यालयीन हंगामाच्या शेवटी, नववर्षाच्या दिवशी, काही विशेष सामने भरविण्याची प्रथा आहे. मैदानाचा आकार वाडग्यासारखा म्हणून त्यांना ‘बाउल’ हे नाव पडले. १९५१ च्या सुमारास त्यांत चार सामने अग्रगण्य होते : कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथील रोझ बाउल, फ्लोरिडात मायामी येथील ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल आणि डॅलसचा कॉटन बाउल. रोझ बाउलचे संघ दोन ठरावीक गटांतून येत. त्यात लहान स्वतंत्र संस्थेला वाव नव्हता. उरलेले तिन्ही सामने दक्षिणेत होत. ते भरविणाऱ्या समित्या स्थानिक नागरिकांच्या असत, आणि कोणाला बोलवावयाचे हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. जिंकलेल्या सामन्यांमुळे आमंत्रणाची आशा धरता येई, त्यावर हक्क सांगता येत नसे. आमंत्रणाबरोबर मिळणारी रक्कम मात्र मोठी असे. एखाद्या लहान महाविद्यालयाचा वर्षभराचा तोटा एका दिवसात भरून निघावा इतकी.

दक्षिणेत भरणाऱ्या या सामन्यांवर एका अलिखित नियमाची छाया होती. गोऱ्या खेळाडूंच्या समोर काळे खेळाडू मैदानावर उतरू नयेत, असा तेथील गोऱ्या समाजाचा आग्रह असे. उत्तरेकडील संघात एखादा कृष्णवर्णीय खेळाडू असला तर त्याला दक्षिणेच्या दौऱ्यात घरीच ठेवावयाचे, असा परस्पर समजूतीचा शिरस्ता वर्षानुवर्षे चालत आला होता. त्याला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे नाव होते! ज्याच्याविषयी हा करार होई, त्याला कोणी विचारीत नसे. सकाळी संघ स्थानकावर जमावयाचा आणि सहकाऱ्यांपैकी एकजण मात्र मागे राहावयाचा, असे दृश्य अनेक नामवंत विद्यापीठांच्या इतिहासात आहे.

हा शिरस्ता मोडण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १९४६ साली पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाने आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना वगळून मायामीला जाण्यापेक्षा तो सामनाच रद्द करणे पसंत केले होते. १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये त्याच संघाचे वॉलेस ट्रिप्लेट व डेनिस हॉगर्ड हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले आणि डॅलसच्या मैदानावर ती भिंत प्रथमच फुटली. पण एक भिंत फुटली म्हणून वाडा कोसळत नाही. १९५१ च्या ऑक्टोबरातच ओक्लाहोमा राज्यात ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्या तोंडावर, त्याच्याजवळ चेंडू नसताना, प्रतिपक्षाच्या एका गड्याने असा तडाखा दिला की त्याचा जबडा मोडला. वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या विद्यापीठाकडून क्षमायाचनेचे पत्र निघावयास मात्र २००५ साल उजाडावे लागले. तेव्हा ब्राइटला जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

अशा हवेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघापुढे ऑरेंज बाउलची गोष्ट आली. मॅटसन व टोलर यांना वगळून येणार असाल तर आमंत्रणाचा विचार होईल, असा निरोप प्रशिक्षकांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो संघापुढे ठेवला, असे खेळाडूंनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे. चर्चा लांबली नाही. मतदान घेण्याचीही आवश्यकता कोणाला वाटली नाही. जावयाचे तर सर्वांनी, नाही तर कोणीच नाही, हे एका आवाजात ठरून गेले. मार्चेटीसारखे युद्धावरून आलेले खेळाडू उतारवयात हा प्रसंग सांगत, तेव्हा त्यात आपण काही मोठे केले असा त्यांचा सूर नसे. ज्यांच्याबरोबर वर्षभर घाम गाळला त्यांना मागे टाकून जाणे त्यांना सुचणेच शक्य नव्हते.

येथे न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. आयोजकांच्या बाजूने त्या वेळी जे कारण उघडपणे सांगितले गेले ते वर्णाचे नव्हते. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, त्याच्या विजयांचे वजन कमी, असे म्हटले गेले. या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. देशातील बलाढ्य विद्यापीठांशी सॅन फ्रान्सिस्कोचा सामना झालाच नव्हता, आणि वृत्तसंस्थेच्या अखेरच्या क्रमवारीतही त्याला चौदावे स्थान मिळाले होते. परंतु ज्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला त्याने ३३ गुणांच्या फरकाने लोळविले, त्याला मात्र टेक्सासमधील सन बाउलचे आमंत्रण गेले. रंगभेदाचे एक वैशिष्ट्य असे की तो सहसा आपल्या नावाने वावरत नाही. त्याला नेहमी दुसरे एखादे सभ्य कारण उपलब्ध असते, आणि ते कारण अर्धेमुर्धे खरेही असते. म्हणूनच त्याला पकडणे कठीण जाते.

१ जानेवारी १९५२ रोजी मायामीत ऑरेंज बाउल पार पडला. जॉर्जिया टेकने बेलरला १७ विरुद्ध १४ असे हरविले. सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू त्या दिवशी घरी होते. न हरलेला, बरोबरीत न अडलेला आणि तरीही न बोलावलेला संघ, अशा अर्थाचे तीन शब्दांचे बिरुद त्याला पुढे चिकटले.

नकाराची किंमत लगेच मोजावी लागली. बाउलची रक्कम आली असती तर तोटा भरून निघण्याची आशा होती, ती मावळली. त्याच हिवाळ्यात विद्यापीठाने आपला फुटबॉल विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. देशातील एक उत्कृष्ट संघ, ज्याने वर्षभरात एकही सामना गमावला नव्हता, तो पुढच्या हंगामात अस्तित्वातच नव्हता. अर्थात एका आमंत्रणाने ही संस्था कायमची तरली असती असे म्हणणे धाडसाचे होईल. लोयोलानेही त्याच सुमारास आपला संघ मोडला आणि १९५२ च्या हंगामानंतर सांता क्लारानेही तोच मार्ग धरला. काळच लहान संस्थांच्या विरुद्ध गेला होता. तरीही खेळाडूंच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : नकार दिला आणि खेळ गेला. ज्यांची पदवी व्हावयाची होती त्यांना दुसरे विद्यापीठ शोधावे लागले. सेंट क्लेअर तुल्सा विद्यापीठात गेला.

या संघाची खरी योग्यता काय होती हे मग व्यावसायिक मैदानांनी सिद्ध केले. नऊ खेळाडू राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये खेळले. त्यांपैकी मॅटसन, मार्चेटी व सेंट क्लेअर या तिघांना ओहायोतील कँटन येथील ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, पहिल्या दोघांना १९७२ साली, तिसऱ्याला १९९० साली. एका महाविद्यालयाच्या एकाच वर्षीच्या संघातून तिघांनी हा मान मिळविणे ही असामान्य गोष्ट होय. प्रशिक्षक कुहारिच व्यावसायिक संघाकडे गेले. ज्या प्रतिस्पर्ध्यांना दुबळे म्हटले गेले त्यांना हरविणारे हात दुबळे नव्हते, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

मॅटसनची कहाणी तर एका हंगामात मावणारी नव्हे. १९५२ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या वतीने हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. तेथे ४०० मीटर धावण्यात त्याने कांस्यपदक आणि चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. मराठी वाचकांना हेलसिंकीचे नाव अन्य कारणाने परिचित आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. ज्याला मायामीत उतरू देण्यास समिती राजी नव्हती, त्याच्याच गळ्यात काही महिन्यांनी त्याच देशाच्या नावाने दोन पदके पडली. पुढे १९५९ साली लॉस एंजेलिसच्या संघाने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊजणांचा मोबदला देऊ केला, यावरून त्याच्या खेळाचे मोल ध्यानात यावे.

टोलरचा मार्ग निराळा ठरला. अनेकांच्या मते तो त्या संघातील सर्वांत श्रेष्ठ खेळाडू होता. परंतु १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि व्यावसायिक खेळाचे दार उघडण्यापूर्वीच मिटले. दैव एखाद्याची किती परीक्षा पाहते! हंगामाचे आमंत्रण रंगामुळे गेले, आयुष्याची कारकीर्द गुडघ्यामुळे. टोलरने मात्र हाती खडू घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत तो शिक्षक झाला आणि पुढे मुख्याध्यापक. खेळाशी नाते तुटू नये म्हणून तो पंचाचे कामही करू लागला. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्याची पंच म्हणून नेमणूक केली. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात कृष्णवर्णीय व्यक्तीची पंच म्हणून झालेली ती पहिली नेमणूक होती. त्या वेळी लीगच्या आयुक्तपदावर कोण होते? १९५१ च्या संघाची प्रसिद्धी करणारे तेच पीट रोझेल. १९६० ते १९८९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. टोलर पंचवीस हंगाम पंच राहिले. १९८० साली पॅसाडीना येथे झालेल्या ‘सुपर बाउल’ या सर्वोच्च सामन्यात त्यांनी पंचाचे काम केले. सुपर बाउलमध्ये ते करणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होत. एका बाउलमध्ये ज्याला खेळाडू म्हणून प्रवेश नव्हता, त्याच्या शिटीवर दुसऱ्या, अधिक मोठ्या बाउलमधील गोरे-काळे सर्व खेळाडू थांबत व चालू लागत.

समाजाला आपली चूक उमगावयास वेळ लागतो. १९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू बॉबी ग्रायर खेळणार असे ठरले, तेव्हा जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने आपल्या राज्यातील संघाला खेळू न देण्याची भाषा केली. परंतु विद्यार्थ्यांनीच त्याविरुद्ध निदर्शने केली, सामना झाला आणि ग्रायर खेळला. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १९५५ व १९५६ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या संघाचे आधारस्तंभ बिल रसेल व के. सी. जोन्स हे दोघेही कृष्णवर्णीय होते. मैदान बदलले, चेंडू बदलला, पण चामडीचा रंग पाहून गडी निवडावयाचा नाही ही त्या टेकडीवरची रीत टिकून राहिली.

१९५१ च्या संघाचा गौरव झाला तो फार उशिरा. २००० साली अमेरिकेच्या सिनेटने ठराव करून त्याच्या वर्तनाची प्रशंसा केली. २००६ साली विद्यापीठाने हयात असलेल्या खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी टोलरनी जेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले होते त्या शाळेच्या वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले. टोलर २००९ साली, मॅटसन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली आणि मार्चेटी २०१९ साली निवर्तले.

या हकीगतीतून सोपे तात्पर्य काढण्याचा मोह टाळला पाहिजे. सद्वर्तनाला बक्षीस मिळतेच, असे ही हकीगत सांगत नाही. बक्षीस मिळाले नाही, उलट होते तेही गेले. त्या नकाराने मायामीतील नियम दुसऱ्या दिवशी बदलला असेही घडले नाही. मग त्याने साधले काय? एवढेच की, मोठ्या अन्यायाला टिकून राहण्यासाठी जी असंख्य लहानसहान संमती लागते, तिच्यापैकी एक संमती त्या दिवशी मिळाली नाही. ‘सभ्य गृहस्थांचा करार’ कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हता. तो चालत होता तो स्थानकावर मागे राहिलेल्या गड्याकडे न पाहता गाडीत चढणाऱ्या सहकाऱ्यांच्या जोरावर. सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू गाडीत चढलेच नाहीत.

धावणाऱ्या एकासाठी दहाजणांनी वाट मोकळी करावयाची, हा त्या खेळाचा पहिला धडा. तो मैदानावर सगळेच संघ गिरवितात. मैदानाबाहेर, स्वतःचे नुकसान समोर दिसत असतानाही, तो गिरविणारा संघ क्वचितच आढळतो. म्हणून नऊ सामन्यांच्या त्या हंगामाचा विचार करताना, न झालेला दहावा सामनाही हिशेबात धरावा लागतो.